सरकारी चाळीत राहिलेल्यांनी मुंबईला काय दिलं?

डिलाईलरोडची_सुजाता

१४ ऑगस्ट २०२५ ला वरळीच्या सरकारी बीडीडी चाळींतल्या ५५६ कुटुंबांना नव्या टॉवरमधल्या घरांच्या चाव्या मिळाल्या, तेव्हापासून एकच वाक्य कानावर येतंय. ऑफिसात, नातेवाइकांच्या ग्रुपवर, अगदी रिक्षावाल्याकडूनही. "नशीब काढलं लेकांनी, तीन पिढ्या नाममात्र भाड्यात काढल्या आणि आता पाचशे फुटांचा फ्लॅट फुकटात." एकाने तर थेट विचारलं, या लोकांनी शहरासाठी केलं तरी काय?

माझा जन्म ना. म. जोशी मार्गाच्या बीडीडीतला. १६० चौरस फुटांत आम्ही सात जण राहायचो. मला राग आला, पण रागावून उत्तर देता येत नाही म्हणून इथे विचारतेय. तुम्ही किंवा तुमचे आईवडील सरकारी घरात राहिले असाल, मग ते बीडीडी असो, बीआयटी असो, हाउसिंग बोर्डाची कॉलनी असो, पोलीस लाइन असो नाहीतर पालिकेचे क्वार्टर्स, तर तिथल्या माणसांनी या शहराला काय दिलं ते लिहा. एकच विनंती, "चाळीत किती आपुलकी होती" एवढ्यावर थांबू नका. कोणी काय केलं ते नेमकं सांगा.

वरळीकर_नाना

सुजाता, चांगला धागा काढलास. आधी त्या "फुकट" शब्दाचं बघू.

बीडीडी म्हणजे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट. पहिल्या महायुद्धानंतर मुंबईत राहायला जागाच नव्हती, तेव्हा गव्हर्नर जॉर्ज लॉइडने ही योजना काढली. पन्नास हजार खोल्या बांधायच्या होत्या. प्रत्यक्षात झाल्या २०७ चाळी, वरळीला १२१, नायगावला ४२, डिलाईल रोडला (आजचा ना. म. जोशी मार्ग) ३२ आणि शिवडीला १२. प्रत्येक चाळीत ८० खोल्या धरा, म्हणजे साडेसोळा हजारांच्या आसपास. पैसा उभा करायला मुंबईत येणाऱ्या कापसाच्या गाठीमागे एक रुपया जकात लावली होती. त्या गाठी सोडून त्यांचं सूत आणि कापड कोण करत होतं? याच खोल्यांत राहणारी माणसं.

आणि सुरुवातीला या चाळींत यायला कोणी तयार नव्हतं हे आज कोणाला खरं वाटणार नाही. सिमेंटच्या भिंती उन्हाळ्यात तापायच्या, भाडं परवडायचं नाही, वरळी तेव्हा गावाबाहेर. चाळीच्या चाळी रिकाम्या पडून होत्या. सविनय कायदेभंगाच्या वेळी सरकारने वरळीच्या त्या रिकाम्या चाळींचा तुरुंग केला आणि सत्याग्रहींना तिथे कोंडलं. म्हणजे ज्याला आज लॉटरी म्हणतात तिथे एके काळी लोकांना पकडून ठेवावं लागत होतं!

मग हळूहळू गिरणी कामगार आले, गोदी कामगार आले, बेस्टचे, पालिकेचे, पोलीस आले. सकाळी सातला गिरणीचा भोंगा व्हायचा आणि जांबोरी मैदानावरून माणसांचा लोंढा निघायचा तो मी लहानपणी रोज बघितलाय. शहराने पोतडीभर पैसा कमावला त्यात या लोंढ्याचा हात किती, याचा हिशेब कोणी मांडत नाही.

रोखठोक

नाना, आदर ठेवून विरोध करतो. गिरणीत काम केलं त्याचा पगार मिळाला. तो काही शहरावर उपकार नाही, मीपण काम करतो आणि पगार घेतो. मी बदलापूरला राहतो, वीस वर्षांचं कर्ज फेडतोय, रोज तीन तास लोकलमध्ये जातात. मला कोणी वरळीत फ्लॅट देत नाही. शिवाय चाळीतल्या खोल्या पोटभाड्याने दिल्या जायच्या, स्टँपपेपरवर विकल्या जायच्या, हे इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. सरकारी घर मिळालेल्या माणसाने पगाराच्या पलीकडे शहराला काही दिलं असेल तर ते सांगा, मी ऐकायला तयार आहे.

डिलाईलरोडची_सुजाता

@रोखठोक, मान्य, तोच प्रश्न आहे. पगाराच्या पलीकडचं सांगा लोकहो.

परळची_माहेरवाशीण

मग माझ्या आत्याचं ऐका. नायगावच्या चाळीत तिची खानावळ होती. खानावळ म्हणजे पाटी लावलेलं हॉटेल नव्हे हो, तीच एक खोली. सातारा-कोल्हापूरकडचे, कोकणातले एकटे पुरुष गिरणीत असायचे, बायकापोरं गावाला. दहा-बारा जण मिळून एक खोली घ्यायचे, पाळीपाळीने झोपायचे. ट्रंका भिंतीला, वळकटी ट्रंकेवर. त्यांना जेवायला कोण घालणार? अशा बायका. आत्या पहाटे चारला उठून स्टोव्ह पेटवायची, पहिल्या पाळीचे डबे सहाच्या आत तयार, मग दुसरी पाळी, मग रात्रपाळी. भाकरी, कालवण, भात, बुधवार-रविवार मासे नाहीतर मटण. महिन्याचे पैसे पगार झाल्यावर. मधल्या काळात वाण्याची उधारी तिच्या नावावर, आणि ती भागवायला सावकार, व्याज असं की विचारू नका. मंगळसूत्र कितीदा गहाण गेलं आणि सुटलं.

१९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी या खानावळवाल्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, आणि राष्ट्रीयीकृत बँकेतून त्यांना कर्ज मिळवून दिलं. जिची सही म्हणजे अंगठा, जिच्या नावावर काही नाही, तिला बँकेने दारात उभं केलं ते पहिल्यांदा. एकीने दुसरीची हमी घ्यायची. आत्या सांगायची की गटातल्या कोणाचा हप्ता चुकला तर बाकीच्या तिच्या खोलीवर जाऊन बसायच्या, पण आजारी असेल तर स्वतः भरायच्या.

रोखठोक, तुम्ही म्हणालात गिरणीवाल्याला पगार मिळाला. पण त्या पगारात तो शहरात जगू शकला कारण एक बाई त्याला महिनाभर उधार जेवायला घालत होती. गिरणीमालकाने कँटीन चालवून हे केलं असतं तर किती खर्च आला असता? तो त्याचा वाचला.

चकली

माहेरवाशीण, वाचून पोटात भूक आणि डोळ्यांत पाणी एकदम आलं.

अण्णा_कुर्लेकर

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा या खानावळींचं काय झालं तेही लिहा ना ताई. अडीच लाख कामगार घरी बसले.

परळची_माहेरवाशीण

लिहिते अण्णा. आत्याच्या जेवणाऱ्यांपैकी निम्मे गावी गेले, निम्मे राहिले. राहिलेल्यांना ती आठ-नऊ महिने जेवू घालत होती. आधी मासे बंद झाले, मग भात एक वेळ, मग नुसती भाकरी-चटणी. पैसे येणार नाहीत हे तिला कळत होतं. वहीत लिहीत राहिली. काहींनी नंतर वर्षावर्षाने पैसे आणून दिले, एकाने तर गावची जमीन विकून. पुष्कळांचे आलेच नाहीत. पण ती कोणाचं नाव घेऊन कधी वाईट बोलली नाही. संप अधिकृतपणे मागे कधी घेतलाच गेला नाही म्हणतात, तिची वहीसुद्धा तशीच उघडी राहिली.

मस्त_मलंग

लिज्जत पापडपण चाळीतूनच सुरू झालं ना? तेही यात धरा.

वरळीकर_नाना

चाळीतून खरं, पण ती गिरगावातली खाजगी इमारत. १९५९ मध्ये सात बायकांनी गच्चीवर, ८० रुपये उसने घेऊन सुरुवात केली. सरकारी नव्हे. सुजाताने नेमकं विचारलंय तर नेमकंच ठेवू.

मस्त_मलंग

ओके नाना, पापड परत घेतला.

सेंच्युरीचा_सचिन

मी कधी लिहीत नाही इथे, फक्त वाचतो. पण रोखठोकचा प्रश्न वाचून राहवलं नाही.

१२ मार्च १९९३. आमची चाळ वरळीची, सेंच्युरी बाजार चालत पाच मिनिटांवर. मी शाळेतून आलो होतो, जेवत होतो, तेवढ्यात असा आवाज झाला की भिंतीवरची भांडी खाली आली. आम्हाला वाटलं गिरणीचा बॉयलर फुटला. बाबा रात्रपाळी करून झोपले होते, ते बनियनवरच पळाले. मजल्यावरचे सगळे पुरुष पळाले. बायकांनी गोधड्या, चादरी, सतरंज्या खाली टाकल्या, कारण स्ट्रेचर नव्हते आणि माणसं उचलायला काहीतरी लागणारच. बस जळत होती, रस्त्यावर जे होतं ते मी लिहीत नाही. टॅक्सीवाले, टेम्पोवाले जो दिसेल त्याला थांबवून माणसं केईएमला पाठवली. पुढचा बॉम्ब कुठे फुटेल हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं, शहरभर फुटत होते. तरी एकही जण परत फिरला नाही. संध्याकाळी चाळीतली पोरं रक्त द्यायला रांगेत उभी होती.

आणि हे लक्षात घ्या की त्याआधी दोनच महिने दंगल झाली होती, मनं फाटलेली होती. उचलताना कोणी नाव विचारलं नाही. बाबांनी त्या दिवशी नेलेली आमची गोधडी परत आली नाही, आईने कधी विचारलंही नाही.

यांना याचा पगार मिळाला नव्हता.

अण्णा_कुर्लेकर

सचिन, नमस्कार तुझ्या बाबांना.

आमच्या कुर्ल्याच्या नेहरूनगरात (हाउसिंग बोर्डाची कॉलनी) २६ जुलै २००५ ला असंच. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस झाला तो दिवस. आमची तळमजल्याची घरं स्वतःच पाण्यात, तरी दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर हायवेवर अडकलेली माणसं आणून बसवली होती. आमच्या घरात रात्री कोण कोण झोपलं होतं मला आजही नावं माहीत नाहीत, एक नऊवारीतल्या आजी होत्या आणि एक कॉल सेंटरची पोरगी, दोघींनी मिळून कांदे चिरले एवढं आठवतं.

भीमाची_लेक

धाग्यावर अजून एक नाव आलं नाही याचं आश्चर्य वाटतंय, म्हणून मी लिहिते.

परळची बीआयटी चाळ क्रमांक १, दुसरा मजला, खोली ५० आणि ५१. बीआयटी म्हणजे बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये सरकारने काढलेला. म्हणजे सरकारी चाळच. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१२ ते १९३४ तिथे राहिले, मग दादरच्या राजगृहात गेले. कोलंबियाला गेले ते या पत्त्यावरून, परत आले ते या पत्त्यावर. शाहू महाराज त्यांना भेटायला या चाळीत आले होते. 'मूकनायक' १९२० मध्ये निघालं, बहिष्कृत हितकारिणी सभा १९२४ मध्ये, महाडचा सत्याग्रह १९२७ मध्ये, हे सगळं घडलं तेव्हा त्यांचं घर ती दोन खोल्यांची जागा होती. रमाबाईंनी संसार तिथे केला. सरकारी चाळीने शहराला काय दिलं विचारणाऱ्याला हा एक पत्ता सांगितला तरी पुरे.

पण मला दुसरंही सांगायचंय, कारण इथे सगळं गोड गोड व्हायला लागलंय. वरळीच्या चाळींत आमची लाइन वेगळी होती. कोणत्या नंबरच्या चाळीत कोण राहतं यावरून जात कळायची. जानेवारी १९७४ मध्ये दलित पँथरच्या सभेनंतर वरळीत दंगल पेटली ती याच चाळींत, समोरासमोरच्या गच्च्यांवरून. परळच्या मोर्चात भागवत जाधव गेला, त्याच्या डोक्यावर वरून पाटा टाकला. माझे काका तेव्हा पँथरमध्ये होते. ज्या चाळीतली माणसं पुढे सेंच्युरीला धावली त्याच चाळीतल्या माणसांनी तेव्हा दगड मारले. दोन्ही खरं आहे.

आणि तरीही पँथरच्या पोरांनी शहराला जे दिलं ते याच खोल्यांतून. आमच्या मजल्यावर वाचनालय होतं, एक लाकडी कपाट, पण त्यात मराठी, हिंदी, इंग्रजी पुस्तकं. १४ एप्रिलची वर्गणी अर्धी मिरवणुकीला आणि अर्धी वह्या-पुस्तकांना, हा नियम बायकांनी करून घेतला होता. त्या कपाटातून वाचून माझ्या पिढीतल्या मुली नर्स झाल्या, शिक्षिका झाल्या, एक जण न्यायाधीश झाली.

वरळीकर_नाना

बाई, तू लिहिलंस ते बरं केलंस. मी मुद्दाम टाळत होतो, टाळायला हवं होतं असं नाही म्हणत, पण लिहिताना हात अडतो. चौऱ्याहत्तर साली मी अठरा वर्षांचा होतो. नंतर शांतता समिती झाली त्यात दोन्हीकडच्या बायका पुढे होत्या, पुरुष नाही. नळाला पाणी एकाच वेळी यायचं, भांडण ठेवून किती दिवस राहणार.

खाकी_कन्या

पोलीस क्वार्टर्सबद्दल कोणी बोलत नाही. बीडीडीत बऱ्याच खोल्या पोलिसांच्या होत्या. माझे वडील हवालदार, नायगावला. गणपतीत सगळ्या शहराच्या घरी बाप्पा आणि आमचे वडील बंदोबस्ताला. दहा दिवसांत ते घरी आंघोळीपुरते यायचे. आईने दिवाळीचा फराळ कधी दिवाळीला वाढला नाही, ड्युटी सुटेल त्या दिवशी दिवाळी. लॉकडाऊनमध्ये माझा भाऊ (तोही खात्यात) महिनाभर जिन्याखालच्या जागेत झोपला, घरात म्हातारी आई म्हणून. ताट दारात ठेवायचो.

शहराला सुरक्षित वाटतं तेव्हा त्यामागे अशा एकेका खोलीतल्या बाईने एकटीने काढलेले सण असतात, एवढंच नोंदवते.

झाडूवाल्याचा_नातू

खाकी_कन्या, तुमच्यासारखंच आमचं. आजोबा आणि वडील पालिकेच्या सफाई खात्यात, राहायला पालिकेचे क्वार्टर्स. पहाटे पाचला सगळी वसाहत रिकामी व्हायची. शहर उठायच्या आत रस्ते झाडलेले पाहिजेत. पावसाळ्यात गटारं तुंबली की रात्री-अपरात्री.

आमच्या घराची गोम वेगळी आहे. घर नोकरीला बांधलेलं. नोकरी संपली की घर गेलं. म्हणून लाड-पागे समितीच्या शिफारशीने वारसाला नोकरी मिळते तेव्हा घराघरात प्रश्न येतो, कोण घेणार? माझ्या वडिलांना शिक्षक व्हायचं होतं. आजोबा वारले, धाकटी भावंडं, घर सोडायचं तर जायचं कुठे? वडिलांनी झाडू घेतला. आणि संध्याकाळी वसाहतीच्या पायऱ्यांवर मुलांना गणित शिकवलं, निवृत्त होईपर्यंत. फी नाही. त्यांच्याकडे शिकलेले आज बँकेत, रेल्वेत, पालिकेच्याच ऑफिसात साहेब आहेत. मी इंजिनिअर झालो, तोही त्याच पायऱ्यांवर. रोखठोकभाऊ, हे घर फुकट नव्हतं. वडिलांनी त्याची किंमत आपल्या मास्तरकीने भरली.

गोखलेनगरची_गार्गी

मुंबईकरांच्या मध्ये पुणेकर घुसते. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, पेठा वाहून गेल्या. पूरग्रस्तांसाठी गोखलेनगर आणि इतर वसाहती वसल्या. तेव्हा ते म्हणजे शहराबाहेरचं माळरान, रिक्षावाला यायचा नाही. आमच्या आजी-आजोबांच्या पिढीने टेकडीवर झाडं लावली, कावडीने पाणी घालून जगवली. आज टेकडीवर सकाळी फिरायला पुण्यातली सगळी भारी माणसं गाड्या लावून येतात, सावली कोणी लावली ते फार थोड्यांना माहीत असतं.

मस्त_मलंग

पुणेकर असून दोन ओळींत आटोपलं, दुपारी एकच्या आत लिहिलं वाटतं!

गोखलेनगरची_गार्गी

हो, कारण एक ते चार आम्ही मुंबईकरांचे प्रतिसाद वाचतो.

चारकोपचा_चंदू

आमच्या चारकोपचं राहिलं. ऐंशीच्या दशकात वर्ल्ड बँकेच्या मदतीने म्हाडाने इथे प्लॉट दिले, जोतं आणि नळ-संडासाची सोय, बाकी घर तुमचं तुम्ही बांधा. आईवडिलांनी रविवारी स्वतः विटा वाहिल्या. तीस-पस्तीस घरांची एक सोसायटी आणि मध्ये चौक. त्या चौकात आमची बालवाडी, लग्नं, दशक्रियेनंतरचं जेवण, एमपीएससीचा अभ्यास सगळं झालं. खाडीकाठच्या दलदलीचं उपनगर झालं ते बिल्डरने नाही केलं.

दर्यापार_दीपा

सिंगापूरहून लिहितेय. इथे १९६० पासून एचडीबीची सरकारी घरं आहेत आणि साधारण ८० टक्के रहिवासी त्यांत राहतात. त्यामुळे "सरकारी घरातले" असा वेगळा, खालचा वर्ग इथे उरलाच नाही. माझ्या मजल्यावर टॅक्सी चालवणारे काका आहेत आणि समोर विद्यापीठातल्या प्राध्यापक. इमारतीचा तळमजला मोकळा ठेवलेला असतो, व्हॉइड डेक म्हणतात, तिथे मलय लग्न, चिनी अंत्यविधी, म्हाताऱ्यांचा बुद्धिबळाचा डाव, सगळं होतं. सगळं छानच आहे असं नाही, नियम खूप कडक आहेत. पण तळमजला पार्किंगला दिला नाही ही गोष्ट मला फार मोठी वाटते. वरळीच्या टॉवरमध्ये तळमजल्यावर काय आहे?

डिलाईलरोडची_सुजाता

दीपा, गाड्या आहेत.

शांतताप्रिय

हे सगळं ठीक, पण मी चाळींच्या मागच्या बिल्डिंगमध्ये पंचवीस वर्षं राहतोय. दहीहंडी, गणपती, नवरात्र, जयंती, पूजा, हळद. स्पीकर. माझ्या वडिलांचं बायपास झालं तेव्हा रात्री साडेअकरापर्यंत खिडक्या थरथरत होत्या. याला पण योगदानच म्हणायचं का?

सेंच्युरीचा_सचिन

दादा, स्पीकरचा त्रास खराच, त्याचं समर्थन नाही करत. पण दहीहंडीची पोरं वर्षभर काय करतात ते बघा. आमच्या मंडळाची कबड्डीची माती होती, संध्याकाळी सहा ते नऊ. दारू पिऊन कोणी आला तर मातीत पाय ठेवायचा नाही. संपानंतर घराघरात बाप रिकामे बसले होते आणि पोरांना वाईट धंद्याला लावणारी माणसं चाळीच्या तोंडाशी उभी असायची, तेव्हा आमच्या वस्तादांनी पोरं मातीत धरून ठेवली. स्वतः बेस्टमध्ये कंडक्टर. खेळाच्या कोट्यातून कितीतरी जण पोलिसात, रेल्वेत, बँकेत लागले. त्या दहा वर्षांत जी पोरं गँगमध्ये गेली नाहीत त्यांचा आकडा कुठेच छापून येत नाही.

मंगळागौर

आणि नाटक! कामगार कल्याण मंडळाच्या स्पर्धा, ललित कला भवनातल्या तालमी. माझे सासरे दिवसभर गिरणीत साच्यावर आणि रात्री तालमीला. गॅलरीत संवाद पाठ करायचे तर समोरच्या चाळीतला प्रॉम्प्ट करायचा. कोकणातल्यांचा शक्ती-तुरा, देशावरच्यांची भजनं, लेझीम, सगळं एकाच पॅसेजमध्ये ऐकून आमची पोरं मोठी झाली.

कोपऱ्यातली_खिडकी

सगळ्यांचं वाचलं. मी तिकडेच सव्वीस वर्षं संसार केला, आता टॉवरमध्ये आलेय, अठराव्या मजल्यावर. बायकांच्या बाजूने एक बोलू द्या.

त्या कॉमन पॅसेजची आठवण सगळ्यांना येते, मला संडासाच्या रांगेची येते. रात्री पोटात कळ आली की नवऱ्याला उठवायचं, मजल्याच्या टोकापर्यंत सोबतीला. पाळीच्या दिवसांत काय हाल. सासू-सासरे, दीर, आम्ही दोघं आणि पोरं एका खोलीत, मोरीत पडदा लावून आंघोळ. नवीन घरात आल्यावर पहिल्या दिवशी मी बाथरूमचं दार आतून लावलं आणि खूप वेळ बाहेर आले नाही. त्यामुळे "चाळ गेली, संस्कृती गेली" म्हणून कोणी उसासे टाकले की मला आवडत नाही. आम्ही शहराला दिलं ते अडचणीत राहून दिलं, ती अडचण काही पवित्र नव्हती.

आणि नवीन घर मिळालं म्हणून देणं थांबलंय असंही नाही. आमच्या मजल्यावरच्या दोघी आत्ताही केईएममध्ये पेशंटच्या नातेवाइकांना डबे देतात, पूर्वी द्यायच्या तसेच. फक्त आता लिफ्टची वाट बघावी लागते.

भीमाची_लेक

खिडकीताई, अगदी मनातलं लिहिलंत. शंभर टक्के अनुमोदन.

रोखठोक

सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. सचिनचा आणि झाडूवाल्याचा नातूचा प्रतिसाद बायकोला वाचून दाखवला. योगदानाचा प्रश्न माझ्यापुरता संपला. पण माझा दुसरा मुद्दा सोडत नाही. ज्यांनी शहर चालवलं ते शहरात राहावेत हे पटतं, तर मग आजचे चालवणारे कुठे राहतात? माझ्या सात बावीसच्या लोकलमध्ये केईएमच्या वॉर्डातल्या मावशी असतात, बेस्टचा ड्रायव्हर असतो, पालिकेचा कंत्राटी कामगार असतो. त्यांच्यासाठी नवीन बीडीडी कोण बांधतंय? जुन्यांना टॉवर मिळाला, बरं झालं. नव्यांना बदलापूर, टिटवाळा, विरार. ते तीन-चार तास प्रवासात घालवतात, ते कोणाला गणित शिकवणार आणि कोणाला कबड्डी?

वरळीकर_नाना

हा प्रश्न लाखमोलाचा आहे रे. शंभर वर्षांपूर्वी परक्या सरकारने, स्वतःच्या फायद्यासाठी का होईना, कामाच्या जागेपासून चालत जाता येईल अशी घरं बांधली. आमच्याकडे वेळ होता म्हणून मंडळं झाली, वाचनालयं झाली, रात्रशाळा चालल्या. ज्यांच्या नावाचा रस्ता आहे त्या ना. म. जोशींच्या सोशल सर्व्हिस लीगने रात्रशाळा काढल्या, पण त्यांत जाऊन बसायला कामगार घराजवळ असायला हवा ना. रात्री नऊला कल्याणच्या गाडीत लोंबकळणारा रात्रशाळेत कसा जाणार?

डिलाईलरोडची_सुजाता

नाना आणि रोखठोक, तुम्ही दोघं मिळून माझ्या ऑफिसातल्या माणसाला उत्तर दिलंत. मी उद्या त्याला तीन गोष्टी सांगणार आहे. खानावळवाल्या आत्याचं उधारीचं खातं, बीआयटीतली खोली नंबर ५०, आणि सेंच्युरीला गेलेल्या गोधड्या. आणि मग रोखठोकचा प्रश्न त्यालाच विचारणार, कारण तो स्वतः अंबरनाथहून येतो.

माहेरवाशीण, आत्याची ती वही आहे का अजून? असेल तर फोटो काढून ठेव. गिरण्यांचे हिशेब कुठेतरी दप्तरात सापडतील, खानावळींचे कुठेच नाहीत.

परळची_माहेरवाशीण

दोन वह्या आहेत, आतेभावाकडे. वाळवी लागलेली आहे पण अक्षर दिसतं. या रविवारी जाते आणि पानन् पान काढते. ज्यांचं येणं राहिलंय त्यांची नावं झाकून इथे टाकेन, आत्याला ते आवडलं नसतं.

चकली

मी येऊ का मदतीला? स्कॅनर आहे माझ्याकडे.

परळची_माहेरवाशीण

ये की. जेवायलाच ये.

कन्नमवारनगरी

उशिरा आलो, विक्रोळीहून. आमच्या म्हाडाच्या बिल्डिंगींचा पुनर्विकास ठरतोय, पुढच्या महिन्यात सोसायटीची सभा आहे. प्लॅनमध्ये जिम आहे, पोडियम गार्डन आहे, अभ्यासिका नाही. सध्याच्या अभ्यासिकेत रात्री दोनपर्यंत पोरं बसलेली असतात, यंदा दोन पोरी पोलीस भरतीत लागल्या. कमिटी म्हणते नंतर बघू. काय करावं?

झाडूवाल्याचा_नातू

नंतर बघू म्हणाले की कधीच होत नाही. करारावर सह्या व्हायच्या आधी अभ्यासिका चौरस फुटांसकट प्लॅनवर दाखवून घ्या आणि सभेच्या इतिवृत्तात लिहून घ्या. त्या दोन मुलींना आणि त्यांच्या आयांना सभेला पुढच्या रांगेत बसवा. इतिवृत्ताचा मसुदा पाहिजे असेल तर मला मेसेज करा, आमच्या वसाहतीच्या वेळचा माझ्याकडे आहे.

कन्नमवारनगरी

केला मेसेज.